शून्य सापडले

माझ्या साडूला ऑफिसात सगळे 'सर' म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर पाण्याचे जार टाकायला येणारा माणूस. कारण ऑफिसात आता आम्ही दोघंच उरलोय, आणि त्याला सर म्हणण्यापेक्षा मी जन्मभर मुका राहीन. तसा चार महिने राहिलोच होतो. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती मी माझ्या बाजूने सांगणार आहे. त्याची बाजू सांगायला तो स्वतः समर्थ आहे. जिभेला हाड नाही त्याच्या.

आधी नातं सांगतो. त्याची बायको थोरली, माझी बायको धाकटी. दोघी बहिणींचा एकमेकींवर फार जीव. त्या जिवापायीच मी नऊ वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून त्याच्या कंपनीत आलो. "घरचाच माणूस हवा," असं तो म्हणाला होता. घरचा माणूस म्हणजे मुकाट ऐकून घेणारा माणूस, हे मला नंतर कळलं.

टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या आहेत असं तो लोकांना सांगतो. दोन कसल्या, एकच खोली आहे आणि मध्ये छातीइतकं उंच प्लायवूड ठोकलंय. पलीकडे तो, त्याची फिरती खुर्ची आणि एसी. अलीकडे मी, प्रिंटर आणि हात धुवायचं बेसिन. खाली दिवसभर टायर बडवतात, पण ते सवयीचं झालंय. प्लायवूडपलीकडून कुणी नुसतं खाकरलं तरी मला ऐकू येतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी जी केंद्रं असतात, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुठल्या खाटेवर कोण, कुठलं औषध, किती आणि कधी. विकायचं काम त्याचं, बनवायचं माझं. आणि हा गडी विकतो आधी, मग मला येऊन सांगतो की असं असं काहीतरी आता बनवावं लागेल. औषधाचा डोस बदलायची सोय केंद्रातल्या नर्सना स्क्रीनवर दिली आहे, असं त्याने एका केंद्राला ठोकून दिलं होतं. अशी कुठलीही सोय नव्हती. म्हणून ते केंद्र आम्हाला मेल करायचं आणि आम्ही इथे बसून हाताने माहिती बदलायचो.

ती माहिती कशी असते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक मोठा डबा समजा. त्यात मजल्यांचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. मजल्यात खोल्यांचे डबे, खोलीत खाटांचे, खाटेत औषधांचे, आणि औषधाच्या डब्यात डोस. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत याला डिक्शनरी म्हणतात, आणि हे प्रकरण म्हणजे डिक्शनरीत डिक्शनरी, तिच्यात पुन्हा डिक्शनरी. सगळ्यात आतलं काही बदलायचं तर एकेक झाकण उघडत जा. त्याला कंटाळून मी एक हत्यार लिहिलं. त्याला नुसता पत्ता द्यायचा. मजला, तिरकी रेघ, खोली, तिरकी रेघ, खाट, तिरकी रेघ, असा एका ओळीत. ते स्वतःच झाकणं उघडत आत जातं.

हत्याराला तीन हुकूम. 'शोध' म्हटलं की त्या पत्त्यावर किती गोष्टी सापडल्या ते सांगतं. 'बदल' म्हटलं की जे सापडलं तेवढंच बदलतं, नाही सापडलं तर हात लावत नाही. आणि 'नवीन' हा तिसरा. हा हुकूम म्हणजे बिनडोक नोकर. वाटेत जो डबा नसेल तो तयार करतो, त्यात पुढचा करतो, शेवटी आपण दिलेली वस्तू त्यात ठेवतो आणि 'झालं' म्हणून सांगतो. तू कुठल्या गावचा, हा पत्ता खरा की खोटा, काही विचारत नाही. नवा माणूस, नवी खोली आली की त्याचा उपयोग. एरवी त्याला हात लावायचा नाही, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून प्लायवूडवर चिकटवलं होतं. त्याच्या बाजूलाही.

शिवाय आमची एक रीत होती. ती आमच्या सासूबाईंची. त्या एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. साडूने सुरुवातीला एकदा खाटेच्या जागी चांदणी टाइप केली. चांदणी म्हणजे 'सगळ्या'. एका आजोबांचं खोकल्याचं औषध अख्ख्या मजल्याला लागू झालं. नशीब, ती चाचणीची प्रत होती. घरी जेवताना हा किस्सा निघाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आपलं लिहिलेलं आपणच वाचलं की माणूस मनातलं वाचतो, कागदावरचं नाही." तेव्हापासून नियम झाला. आधी शोध. पत्ता आणि आकडा मोठ्याने वाचायचा. "एक सापडलं." पलीकडच्याने "एक" म्हणायचं. मगच बदल. आठ वर्षं एक चूक झाली नाही आमच्याकडे. छाती ठोकून सांगतो.

मग तो अबोला झाला.

झालं असं की एका नव्या केंद्राची मंडळी ऑफिस बघायला आली होती. साडू त्यांना सगळं दाखवत होता, जणू काही सगळं ह्याच्याच डोक्यातून निघालंय. माझ्या टेबलाशी आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "आणि हे?" तर हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "हे आमचे घरचेच. टायपिंग वगैरे बघतात."

टायपिंग! एकोणपन्नास वर्षांचा माणूस मी. ज्या हत्यारावर ह्याचं दुकान चालतं ते मी लिहिलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पाहुणे जिना उतरेपर्यंत थांबलो आणि मग जे काही बोललो ते खालच्या टायरवाल्यांनीही हात थांबवून ऐकलं. तोही काही मागे राहिला नाही. "तुमच्यासारखे पन्नास मिळतात," म्हणाला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आमच्याकडे तेव्हा एक तपासणीवाली बाई होती. आमचे निरोप ती पोचवायची. "त्यांना सांगा फाइल पाठवली." "त्यांना सांगा दिसतेय मला." दोघांच्या मध्ये चार फूट अंतर. तिसऱ्या आठवड्यात ती पर्स उचलून म्हणाली, "मी तपासणीला आले होते, पोस्टमन व्हायला नाही," आणि गेली ती गेलीच. मग वाचून दाखवणं आपोआप संपलं. वाचणार कोण आणि कुणाला? मी माझ्या कामात स्वतःच कुजबुजत वाचायचो आणि स्वतःच "एक" म्हणायचो. तो काय करायचा मला माहीत नाही. त्याने फक्त एवढं केलं की केंद्राच्या सगळ्या मेल स्वतःकडे वळवून घेतल्या. टायपिंगवाल्याशिवाय अडत नाही, हे दाखवायचं होतं ना.

याच काळात सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मग चालायला लागेपर्यंत त्यांना आमच्या त्या मेल करणाऱ्या केंद्रात ठेवलं. दोघी लेकींनी घरी चला म्हणून विनवण्या केल्या. त्या म्हणाल्या, "दोन जावई एकमेकांशी बोलत नाहीत. एकाकडे गेले तर दुसऱ्याचा राग. मला माझं हाड जोडून घेऊ दे शांतपणे." केंद्रात त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, रोजची पाच मिलिग्रॅम. माझ्या बायकोने एकदा जेवताना सांगितलं की आईला खिडकीजवळची खोली मिळाली, बारा की काय नंबर. मी "हं" म्हणालो. तिच्या दर तिसऱ्या वाक्याला मी "हं" म्हणतो.

दोन दिवसांनी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला साडू कीबोर्ड बडवत बसला होता. मी माझ्या जागी. अचानक पार्टिशनपलीकडून आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मला हाक नाही, काही नाही, जसा काही छताशी बोलतोय.

"दुसरा मजला, बारा-अ, खाट एक. शून्य सापडले."

मी हातातलं काम थांबवलं.

"शून्य कसं? खोली तर आहे," तो पुन्हा म्हणाला. जरा मोठ्याने.

मला त्याच क्षणी कळलं होतं. केंद्राने बारा नंबरची मोठी खोली मध्ये भिंत घालून दोन केल्या होत्या आणि दारांवर पाट्या लावल्या होत्या. '१२/अ' आणि '१२/ब'. खोलीच्या नावातच तिरकी रेघ. हत्याराला काय कळणार, की ही रेघ पत्त्यातली नसून नावातली आहे? ते आधी 'बारा' नावाची खोली शोधतं आणि तिच्यात 'अ' नावाचं काहीतरी. असं काही नाहीच, म्हणून शून्य. नावात रेघ नको, हे मी त्याला लेखी कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, "दारावर जे आहे तेच राहील, गिऱ्हाईकाला तेच दिसलं पाहिजे." बरं, मार्गही मीच करून ठेवला होता. हत्याराला सांगायचं की आजच्या पुरता पत्ता तोडायला रेघेऐवजी अर्धविराम वापरतोय. संपलं. एक शब्द होता. "अर्धविराम." पार्टिशनवरून टाकायचा.

मला ऐकू आलं होतं. हेडफोन टेबलावर पडले होते. खाली टायरवाल्यांचा चहा चालला होता, सगळं सामसूम होतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. नुसता गप्प नाही, मला मजा वाटली. बस म्हटलं आता शून्यावर. ये उठून. चार पावलं चालून ये, माझ्या टेबलासमोर उभा राहा आणि विचार, की साहेब, हे कसं करायचं? टायपिंगवाल्याला विचार.

तो आला नाही. खुर्ची करकरली. मग पुन्हा कीबोर्डचा आवाज, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "झालं."

ते 'झालं' कसं झालं असेल हेही मला कळलं. 'बदल'ने होणं शक्यच नव्हतं. म्हणजे 'नवीन' दाबलं. बिनडोक नोकराने 'बारा' नावाची खोटी खोली बांधली, तिच्यात 'अ', त्याच्यात खाट, खाटेत औषध, आणि नवा डोस तिथे नेऊन ठेवला. खऱ्या खोलीत जुनाच राहिला. मी म्हटलं, राहू दे. एक-दोन दिवसांत केंद्राचा फोन येईल, ते ह्याची खरडपट्टी काढतील, मग ह्याला कळेल. औषध कुठलं ते त्याने मोठ्याने वाचलं नव्हतं. खाट कुणाची ते मेलमध्ये नसतंच, नावं केंद्राबाहेर येत नाहीत. पण तिथे कुणीतरी माणूस झोपलेलं आहे आणि औषध कुठलंही असू शकतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

केंद्राचा फोन आला नाही. त्यांना वाटलं, आपण कळवलं म्हणजे बदललं. नर्स स्क्रीनवर बघायच्या, स्क्रीन पाच म्हणायचा, त्या पाच द्यायच्या. तिसऱ्या दिवशी मीही विसरलो.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी केंद्राच्या मेट्रनचा, म्हणजे मुख्य नर्सचा फोन आला, पण तो माझ्या बायकोला. सासूबाईंच्या नाकातून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. मग उलटीतून आलं. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा थोरली, साडू आणि मेट्रन आधीच तिथे होते. डॉक्टर बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी हाच केला, "रक्त पातळ व्हायची गोळी किती देत होता?"

"अडीच," थोरली म्हणाली. "मागच्या आठवड्यातच निम्मी केली, मला केंद्राच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं."

"पाच," मेट्रन म्हणाली. "आज सकाळपर्यंत पाच. स्क्रीनवर पाच आहे."

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. "पोटात रक्तस्राव होतोय. वय पाहता आत्ता मी काहीच सांगू शकत नाही. उद्या सकाळपर्यंत वाट बघायची," म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझ्या बायकोने मेट्रनला विचारलं, "आईची खोली कुठली?" तिला माहीत होतं, तरी खात्रीसाठी विचारलं. मेट्रन म्हणाली, "बारा-अ. खाट एक."

मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. साडूचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायची इच्छा नव्हती.

"ऑफिसात जाऊन बघून येतो काय झालंय," असं म्हणून मी निघालो. दुपारचा एक वाजला होता. त्याच्या मशीनवर बसलो, त्याच्या त्या फिरत्या खुर्चीत. अर्धविराम लावून शोधलं. एक सापडलं, पाच मिलिग्रॅम. रेघ लावून शोधलं. एक सापडलं, अडीच मिलिग्रॅम. दोन खोल्या. एकीत सासूबाई रक्त ओकत होत्या आणि दुसरीत, जी जगात कुठेच नव्हती, तिच्यात त्या अडीच मिलिग्रॅमवर ठणठणीत होत्या.

हत्यार प्रत्येक हुकमाची नोंद ठेवतं. ती काढली. मंगळवार, अकरा वाजून बारा मिनिटं, शोध, शून्य. अकरा चौदा, नवीन. पुढे साडूचं खातं.

खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. सापडला, म्हटलं. आता नाकावर टिच्चून दाखवतो टायपिंग कसं असतं ते. मी प्रिंट काढली. दोन प्रती काढल्या.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पॅसेजमध्ये, बाकाजवळ उभं राहून मी दोघी बहिणींना सगळं समजावलं. डबे, रेघ, खोटी खोली. मला समजावायला छान जमतं. शेवटी वेळेवर आणि खात्यावर बोट ठेवलं. थोरलीने कागद हातात घेतला, वाचला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, हे तुमच्या हातून झालं?"

"हो," तो म्हणाला.

"शून्य आलं होतं, तरी दाबलंत?"

"हो."

मी वाट बघत होतो. आता म्हणेल, मी विचारलं होतं, ह्याने उत्तर दिलं नाही. आता खापर माझ्या डोक्यावर फोडेल. माझं उत्तरही तयार होतं, मला ऐकूच आलं नाही. पण तो काहीच बोलला नाही.

"निघा इथून," थोरली म्हणाली. "माझ्या आईच्या आसपास दिसू नका मला."

तो गेला. माझ्या बायकोने माझा हात धरला. "तुम्ही नसतात तर कळलंसुद्धा नसतं," ती म्हणाली. मला तिथे उभं राहवेना. पाणी पिऊन येतो म्हणून मी जिन्याकडे गेलो.

तो खालच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला नाही.

"कागद छान काढलात," तो म्हणाला. "वेळेसकट."

"हत्यारच तसं लिहिलंय."

"मी ओरडून विचारलं, ते नाही आलं कागदावर."

"तोंडी बोललेलं नोंदीत येत नाही," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही म्हणून सांगणार असाल तर मला सांगू नका." त्याने मान वर केली. "मी खुर्चीतून उठून पार्टिशनवरून बघितलं होतं. हेडफोन टेबलावर होते तुमचे. तुम्ही हसत होतात."

तो उठून बघून गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

"मग वर का नाही बोललात?" मी विचारलं.

"काय बोलू? साडू हसला, म्हणून मला राग आला आणि रागाने 'नवीन' दाबलं? शून्याचा अर्थ मलाही कळतो. इतका काही मी ठोंब्या नाही. चार पावलं चालून तुमच्यासमोर यायचं नव्हतं मला. बास. हे सांगू बायकोला, तिची आई आत मरायला टेकलेली असताना?" तो उठला, पँट झटकली. "आणि दोन्ही जावई एकाच दिवशी नालायक निघाले, तर त्या पोरींनी आईकडे बघायचं की आपल्याकडे? एकजण तरी कामाचा राहू दे. तुम्ही राहा. तुम्हाला हौस आहे."

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिथेच होतो. इतका संताप आला होता मला त्याचा! म्हणजे उपकार करून गेला वर. मरेपर्यंत ह्याच्या उपकाराखाली राहायचं?

त्या दिवशी मला जेवढा मान मिळाला तेवढा लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. थोरलीने माझ्यासमोर हात जोडले. बायकोने मला बळेच घरी पाठवलं, तुम्ही दमलात म्हणून. कंपनी आता तुम्हीच बघा, असंही थोरली फोनवर म्हणाली. मी ज्या गोष्टीसाठी नऊ वर्षं दात-ओठ खाल्ले ती माझ्या ताटात येऊन पडली होती, आणि घशाखाली घास उतरत नव्हता.

सकाळी गेलो तर रक्त थांबलं होतं. चार बाटल्या चढवल्या होत्या. धोका टळला असं म्हणायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. दोघी बहिणी घरी आंघोळीला गेल्या होत्या. साडू पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला, औषधांच्या खिडकीजवळ उभा होता, हद्दपार केलेल्या माणसासारखा. मी त्याच्याकडे न बघता आत गेलो.

सासूबाई चादरीत अर्ध्या झाल्या होत्या. पण नजर तीच, कागदावरून फिरवायची. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"धाकटे, तुम्ही शोधून काढलंत म्हणे."

"हो, आई."

"आणि मोठ्यांनी घोळ घातला. त्यांना आत सोडू नका. मला बघायचं नाही त्यांच्याकडे." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्यामुळे वाचले मी. आता माझी औषधं तुम्हीच बघत जा."

हो म्हणायचं होतं. एवढंच होतं. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"आई, त्यांनी विचारलं होतं."

"काय?"

"शून्य सापडले, असं मोठ्याने म्हणाले होते. दोनदा. मला ऐकू आलं होतं. का शून्य येतंय तेही मला माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही."

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"काय सांगायला लागलं असतं?" त्यांनी विचारलं.

"अर्धविराम लावा, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग का नाही बोललात?"

मी उत्तर शोधलं. मनात ते केवढं मोठं होतं! चार महिने त्याच्यावरच जगलो होतो मी. आणि आता त्या बाईसमोर, हातात सुई खुपसलेल्या बाईसमोर, ते म्हणायची वेळ आली.

"ते मला टायपिंगवाला म्हणाले होते," मी म्हणालो.

सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मी उठायला लागलो तेव्हा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "मोठे बाहेर आहेत?"

"आहेत."

"त्यांना आत पाठवा. तुम्ही बाहेर थांबा."

मी पॅसेजमध्ये आलो आणि साडूला हाताने खूण केली. तो माझ्या बाजूने गेला, थांबला नाही, काही विचारलं नाही. दार लागलं. मी बाकावर बसलो.

थोड्या वेळाने माझी बायको जिना चढून आली, हातात चहाचा थर्मास आणि आईचे धुतलेले कपडे. मला पाहून तिने पाय उचलला.

"अहो, बाहेर का बसलात? आत कोण आहे?"

"भाऊजी."

"त्यांना कुणी सोडलं आत?"

"आईंनी बोलावलं."

"आणि तुम्ही?"

"मला बाहेर काढलं त्यांनी. बस इथे, सांगतो."

तिने थर्मास बाकावर ठेवला. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"नको," ती म्हणाली. "उभ्यानेच ऐकते. बोला."